बंदराची बाजू

पत्र असं आहे :

"ताई, मी उरणचा. वय तेवीस. बी.कॉम. झालोय, पण बारावीपर्यंत मराठी माध्यम. वडिलांची मासेमारीची बोट आहे. मी बोटीवर जायचं नाही हे आईने लहानपणीच ठरवून टाकलं होतं, म्हणून सहा महिन्यांपूर्वी एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात लागलो. गेल्या आठवड्यात धक्क्याला लागलेल्या जहाजावरून फोन आला, एका रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचा अलार्म वाजतोय, 'पोर्ट साइड'ला आहे. मी टेक्निशियनला निरोप दिला, बंदराच्या बाजूला आहे, धक्क्याकडच्या. तो तिकडे जाऊन शोधत बसला. कंटेनर निघाला समुद्राकडच्या बाजूला. अर्धा तास गेला, साहेबांचं ऐकून घेतलं. डबा खाताना सगळ्यांनी माझं नाव 'बंदरवाला' पाडलं. बोटवाल्याचा मुलगा असून हे माहीत नाही, असंही कोणीतरी म्हणालं. रात्री डिक्शनरी उघडली. पोर्ट म्हणजे बंदर, पोर्ट म्हणजे डावी बाजू, पोर्ट म्हणजे दारू, कॉम्प्युटरचं भोक, मोबाइल नंबर बदलणं, बंदूक धरायची पद्धत. एवढ्याशा शब्दाचे एवढे अर्थ कसे? पाठ तरी कसे करायचे? मित्र म्हणतो स्पीकिंगचा क्लास लाव, बारा हजार फी आहे. लावू का? साहेबांशी पुन्हा बोलू का? आणि आईचा एक प्रश्न आहे. डावी बाजू पोर्ट तर उजवी स्टारबोर्ड, मग त्यात स्टार कुठला? मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, अहो-जाहो करू नका."

अरे, आधी डबा नीट खात जा. बाकीचं आपण बघू.

तुझा निरोप चुकला, टेक्निशियनचा अर्धा तास गेला, ते खरंच आहे. पण 'पोर्ट साइड म्हणजे बंदराची बाजू' हा जो अर्थ तू लावलास, त्यासाठीच तो शब्द जन्माला आला होता. तुला पोचायला काही शतकं उशीर झाला, एवढंच.

जुन्या काळी उत्तर युरोपातल्या जहाजांना सुकाणू मागे मधोमध नसायचं. एक मोठं वल्हं जहाजाच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूला बांधलेलं असायचं आणि त्यानेच जहाज वळवायचं. आता असं जहाज धक्क्याला कुठल्या बाजूने लावशील? उजवी बाजू लावलीस तर ते वल्हं धक्का आणि जहाज यांच्यात सापडून मोडणार. म्हणून डावी बाजू धक्क्याला, माल चढायचा-उतरायचा तोही डावीकडूनच. म्हणजे बंदराकडे असायची ती डावी बाजू. म्हणून ती पोर्ट. त्या काळात तू निरोप दिला असतास तर टेक्निशियन थेट कंटेनरपाशी पोचला असता. आज जहाजं दोन्ही बाजूंनी धक्क्याला लागतात. त्या दिवशी तुमचं जहाज उजव्या बाजूने लागलेलं असणार, म्हणून पोर्ट साइड समुद्राकडे गेली.

आता ज्यांनी तुला हसून घेतलं त्यांच्यासाठी पुढची गोष्ट. डाव्या बाजूला इंग्रज खलाशी शेकडो वर्षं 'पोर्ट' म्हणतच नव्हते, फार तर कधीमधी. त्यांचा रोजचा शब्द होता 'लारबोर्ड', म्हणजे माल लादायची बाजू. उजवी बाजू स्टारबोर्ड आणि डावी लारबोर्ड. दोन्ही एकदा मोठ्याने म्हणून बघ. मग कल्पना कर की वारा सुटलाय, शिडं फडफडताहेत, लाटा डेकवर येताहेत आणि कप्तान ओरडतोय. ऐकणाऱ्याला कळतं फक्त 'आरबोर्ड'. डावं की उजवं, देव जाणे. हा घोळ एवढा नकोसा झाला की १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढला, यापुढे लारबोर्ड बंद, डाव्या बाजूला पोर्टच म्हणायचं. दोन वर्षांनी, १८४६ मध्ये, अमेरिकन नौदलानेही तेच केलं. ज्या शब्दावरून तुझं नाव पडलं, तो शब्द नेमला गेला तोच मुळी ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्यांचा डाव्या-उजव्यात गोंधळ होत होता म्हणून.

आणि एवढं करूनही गोंधळ मिटला नाही. टायटॅनिक तुला माहीत आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री समोर हिमनग दिसल्यावर अधिकाऱ्याने हुकूम दिला, 'हार्ड अ-स्टारबोर्ड'. आणि जहाज वळलं डावीकडे. चूक कोणाचीच नव्हती. तेव्हा हुकूम जहाजाचा नसायचा, सुकाणूच्या दांड्याचा असायचा. दांडा उजवीकडे रेटला की बोट डावीकडे जाते. हे तुझ्या बाबांना विचार, ज्याने दांड्याची बोट चालवली आहे त्याला ते हाताने माहीत असतं. टायटॅनिकवर दांडा नव्हता, चाक होतं, तरी हुकुमाची भाषा दांड्याचीच राहिली होती. ही उलटी पद्धत ब्रिटिश जहाजांवर १९३० च्या दशकात जाऊन बदलली. म्हणजे तोपर्यंत पोर्टचा हुकूम सुटला की जहाज स्टारबोर्डला जायचं, आणि तू सहा महिन्यांत एकदा चुकलास.

मग सरळ डावं-उजवं का म्हणत नाहीत, हा प्रश्न तुझ्या मनात आला असेल. पुढच्या वेळी मुंबईत भाऊच्या धक्क्याहून तुमच्या उरणकडच्या मोऱ्याची लाँच पकडशील तेव्हा बघ. पुढे तोंड करून बसलास तर डावी बाजू एक. समोरच्या बाकावर मागे तोंड करून बसलेल्या मावशींची डावी बाजू बरोबर उलटी. तिथे कोणी 'डावीकडे बघा' म्हणून ओरडलं तर निम्मी लाँच एकीकडे बघेल, निम्मी दुसरीकडे. पोर्ट मात्र लाँचची असते, माणसाची नाही. तू कुठेही तोंड कर, ती हलत नाही. नाकाकडे तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला जी बाजू येते ती पोर्ट, आणि ती कायमची.

पाठ करायचंच असेल तर एवढं एक कर. पोर्ट बाजूचा दिवा लाल, स्टारबोर्डचा हिरवा. तुझ्या बाबांच्या बोटीवरही हेच. आज रात्री जाऊन बघून ये, कुठलाही क्लास लावण्याआधी. विमानाच्या पंखांच्या टोकांनाही हेच रंग असतात, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, आणि आपण विमानात चढतो ते दारही बहुतेक वेळा पोर्ट बाजूचंच असतं. इंग्रज पोरांना हे लक्षात राहावं म्हणून एक वाक्य शिकवतात, 'इज देअर एनी रेड पोर्ट लेफ्ट?' लाल पोर्ट शिल्लक आहे का? यातलं पोर्ट म्हणजे दारू आणि लेफ्ट म्हणजे शिल्लक. पण लाल, पोर्ट, लेफ्ट हे तिन्ही शब्द एका ओळीत येऊन बसतात. दोन वेगवेगळ्या पोर्टची अशी गाठ कोणीतरी मजेत मारून ठेवली आहे.

तुझ्या कामातलं आणखी एक. बे प्लॅनवर, म्हणजे जहाजावर कुठला कंटेनर कुठे ठेवलाय त्या नकाशावर, कंटेनरची जागा सहा आकड्यांत लिहिलेली असते. समज २६०४८२. बे २६ (जहाजाच्या लांबीतली जागा), रो ०४ (रुंदीतली), टियर ८२ (उंचीतली). यातल्या मधल्या दोन आकड्यांकडे बघ. सम असले तर पोर्ट, विषम असले तर स्टारबोर्ड, मधोमध असेल तर ००. पुढच्या वेळी फोनवर कोणी नुसतं 'पोर्ट साइड' म्हणालं की लगेच विचार, 'पोझिशन नंबर काय?' त्याने नंबर सांगितला की डावं-उजवं दोन्हीकडून पडताळता येतं. हे विचारल्याबद्दल कोणी हसत नाही, उलट माणूस कामाचा दिसतोय असं वाटतं.

आता तुझ्या डिक्शनरीकडे येऊ.

तू अर्थ मोजलेस आणि घाबरलास. पण एक गोष्ट बघायची राहिली. बऱ्याच चांगल्या इंग्रजी कोशांत 'पोर्ट' हा शब्द एकदा येत नाही, एकाखाली एक तीन-चार-पाच वेळा येतो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक आकडा असतो, १, २, ३. तो आकडा अर्थांचा नाही. तो सांगतो की हे शब्दच निराळे आहेत, योगायोगाने चेहरा एक झालाय. अर्थांचे आकडे त्या-त्या शब्दाच्या आत, पुढे येतात. आपल्याकडेही असं आहेच की. पाटाला पाणी आलं, पाटावर बसून जेवलो आणि तिने दुसरा पाट लावला. तीन वाक्यं, आणि ऐकणारा एकदाही अडत नाही. तू हे तीन पाट कधी पाठ केले होतेस का? किंवा तुमचा भाऊचा धक्काच घे. मुंबईत नवा आलेला माणूस पहिल्यांदा हे नाव ऐकतो तेव्हा त्याला वाटतं की कुठल्यातरी भाऊने कोणालातरी ढकललं. भाऊ म्हणजे भाऊ अजिंक्य आणि धक्का म्हणजे बोटी लागायची जागा, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सांगणारा हसतोही. मग दोघं मिळून लाँच पकडतात.

तर पोर्टची घरं वेगळी करू. सगळ्यांत जुनं बंदराचं. लॅटिनमध्ये 'पोर्टुस' म्हणजे बंदर. रोमन गेले तिथे हा शब्द गेला आणि इंग्रजीत तो हजार वर्षांहून जास्त काळ आहे. पोर्ट्समथ, न्यूपोर्ट ही गावांची नावं त्यातलीच. मुंबईत १८७३ साली स्थापन झालेला पोर्ट ट्रस्ट, १९८९ पासून चालू असलेलं तुमच्या शेजारचं न्हावा-शेवा बंदर, एअरपोर्ट, सगळे या घरचे. पासपोर्टही, बंदरातून जाऊ देणारं पत्र म्हणून. जहाजाची डावी बाजूही इथलीच, ते वर सांगितलंच. एक नातेवाईक मात्र अनपेक्षित आहे. नोकरीच्या जाहिरातीत 'ऑपॉर्च्युनिटी' असतं ना? त्याच्या पोटात पोर्ट आहे. लॅटिनमध्ये जो वारा जहाजाला बंदराकडे नेतो त्याला अशा अर्थाचा शब्द होता, 'ओब पोर्टुम', बंदराच्या दिशेने. अनुकूल वारा म्हणजे संधी. कोळ्याच्या घरातल्या मुलाला हे जास्त समजवायला नको.

दुसरं घर दाराचं. लॅटिन 'पोर्टा', म्हणजे दरवाजा. हे फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि जहाजावर चढलं. साधारण सन १५०० च्या सुमाराला युरोपात जहाजांच्या कुशीत चौकोनी झडपा पाडायला लागले, त्यातून तोफांची तोंडं बाहेर काढायची. त्या झडपांना म्हणायचे 'गनपोर्ट', तोफेचं दार. जहाजाच्या गोल खिडकीला आज 'पोर्टहोल' म्हणतात ते यातूनच. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं 'मेरी रोझ' नावाचं जहाज १९ जुलै १५४५ रोजी त्याच्या डोळ्यांदेखत बुडालं. का बुडालं यावर अजून वाद घालतात, पण जहाज कललं आणि खालच्या उघड्या गनपोर्टमधून पाणी आत शिरलं, हे बहुतेकांना मान्य आहे. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढला आणि तो ठेवला आहे पोर्ट्समथमध्येच. म्हणजे एका पोर्टपासून जरा अंतरावर ते जहाज दुसऱ्या पोर्टमुळे बुडालं. त्यातून कोणी तिसऱ्या, म्हणजे डाव्या पोर्टबद्दल विचारू नये.

तू ज्याला कॉम्प्युटरचं भोक म्हणतोस तेही दारच. केबल आत जायचं दार. आणि न दिसणारी दारंही असतात. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला ० ते ६५५३५ एवढे पोर्ट नंबर मोजलेले असतात. वेबपेज साधं असेल तर ते ८० नंबरच्या दाराने येतं, कुलूपवालं असेल तर ४४३ ने. ऑफिसचा आयटीवाला 'पोर्ट ब्लॉक केलाय' म्हणतो तेव्हा त्याने न्हावा-शेवा बंद केलेलं नसतं.

या दाराच्या घरात मीही एकदा आपटले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मासिकासाठी केंब्रिजवरच्या लेखाचा अनुवाद करत होते. त्यात कॉलेजचा 'पोर्टर' होता. मी त्याला हमाल करून टाकलं. पुढे तो हमाल रात्री उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांना दरडावतो, पत्रं वाटतो, कोण आलं-गेलं याची नोंद ठेवतो. मला वाटलं, तिथले हमाल भारीच तालेवार. छापून आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. 'बाईंनी द्वारपालाच्या डोक्यावर ट्रंक दिली आहे.' तो पोर्टर 'पोर्टा'वाला होता, दारावरचा माणूस. रेल्वे स्टेशनवरचा पोर्टर वेगळा, तो 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणे या क्रियापदाचा. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंगही सारखं, उच्चारही सारखा. ते पोस्टकार्ड अजून माझ्याकडे आहे. 'बंदरवाला' त्याच्यापुढे काहीच नाही.

तर वाहून नेण्याचं हे तिसरं घर, आणि माणसांनी सगळ्यांत भरलेलं. एक्सपोर्ट म्हणजे बाहेर नेणं, इंपोर्ट म्हणजे आत आणणं. तुझ्या ऑफिसात दिवसातून शंभर वेळा येणारे हे दोन शब्द, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पोर्टवरून जातात म्हणून त्यांना पोर्ट म्हणत असावेत. नाही, त्यातलं पोर्ट हमालाचं आहे, बंदराचं नाही. ट्रान्सपोर्ट, सपोर्ट, रिपोर्ट, पोर्टेबल हे सगळे इथलेच. स्पोर्टसुद्धा! मूळ जुन्या फ्रेंचमधला शब्द होता 'देस्पोर्ट', मन कामापासून दूर नेणं, म्हणजे करमणूक. पुढची दोन अक्षरं झिजली आणि खेळ उरला. लंडनच्या हमालांना एक काळी बिअर फार आवडायची म्हणून तिला पोर्टर नाव पडलं, तेही इथेच नोंदवून ठेव.

मोबाइलचा नंबर 'पोर्ट करणं' हे या घराचं शेंडेफळ. नंबर उचलून एका कंपनीतून दुसरीकडे नेणं. आपल्याकडे ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आली. 'पोर्ट' लिहून पुढे आपला नंबर टाकायचा आणि १९०० ला मेसेज पाठवायचा, हे तुझ्या आईलाही येत असेल. तिने कधी डिक्शनरी उघडली होती का? बंदूक धरण्याचं 'पोर्ट आर्म्स'ही इथलंच, हत्यार नेण्याची एक ढब. एनसीसीच्या पोरांना त्याचा हिंदी हुकूम ठाऊक असतो, 'निरीक्षण के लिए बाएं शस्त्र'. रायफल अंगापुढे तिरकी, तोंड डाव्या खांद्याकडे. हिंदी हुकुमात 'बाएं' आलं ते त्या डाव्या खांद्यामुळे. जहाजाच्या डाव्या बाजूशी त्याचा काही संबंध नाही.

राहिली दारू. तिचं घर म्हणजे एक गाव आहे. पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या मुखाशी पोर्तू हे शहर, इंग्रज त्याला ओपोर्तो म्हणायचे. शब्दशः 'बंदर'. वरच्या डोंगरातल्या द्राक्षांची वाइन पिंपांत भरून नदीने खाली यायची आणि इथून जहाजात चढायची. आंबण्याची क्रिया पुरी व्हायच्या आत तिच्यात ब्रँडीसारखा स्पिरिट घालतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि वाइन गोड आणि कडक होते. १७०३ साली इंग्लंड-पोर्तुगालमध्ये तह झाला, पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात ठरली आणि इंग्रज पोर्टवर तुटून पडले. १७५६ मध्ये तर कुठल्या शिवारातली द्राक्षं पोर्टसाठी चालतील याच्या हद्दी सरकारने आखून टाकल्या. पोर्तुगाल या देशाच्या नावातही तेच जुनं बंदर आहे, पोर्टुस काले. गोव्याहून परतणाऱ्या एसटीत पिशवीत गुंडाळलेली जी गोड लाल बाटली असते, तिच्यावरही पोर्टच लिहिलेलं असतं. तुझे डब्यावरचे सोबती ती ओळखतील. तिच्या नावाचा आणि डाव्या बाजूचा आजा एकच, हे मात्र त्यांना माहीत नसेल.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. तुला ऑफिसात कोणीतरी हमखास सांगेल की 'पॉश' हा शब्द 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यावरून आला. मुंबईला येताना डावीकडची केबिन आणि इंग्लंडला परतताना उजवीकडची, म्हणजे दोन्ही वेळा सावली, ती श्रीमंतांना मिळायची आणि तिकिटावर चार अक्षरांचा शिक्का असायचा, अशी ती कथा. कथा फक्कड आहे, त्यात मुंबईही आहे. फक्त तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही आणि अभ्यासक ती थाप मानतात. आद्याक्षरं जोडून सांगितलेली व्युत्पत्ती ऐकली की खिसा सांभाळावा, हा माझा जुना नियम आहे.

बंदर, दार आणि वाहणं. वर मी वेगळे शब्द म्हटलं, पण आणखी मागे गेलं तर ही तिन्ही घरं एका वाड्यातली निघतात. भाषेचे अभ्यासक एक फार जुनं मूळ मांडतात, 'पेर्'. अर्थ, ओलांडून जाणं, पलीकडे नेणं. त्यातून लॅटिनमध्ये पोर्टुस, पोर्टा, पोर्टारे. इराणकडे अवेस्ता भाषेत त्याचा झाला 'पेरेतु', म्हणजे पूल. मेल्यावर आत्म्याला ओलांडावा लागणारा पारशी धर्मातला चिनवत पूल, त्यातला पूल तोच. संस्कृतात 'पारयति', पार नेतो. आणि त्यातूनच तुझ्या-माझ्या तोंडातलं 'पार'. काम पार पाडलं, नदीपार गेला. इंग्रजीत त्याच मुळाला फुटलेली दुसरी फांदी म्हणजे 'फेरी', पलीकडे नेणारी होडी. भाऊच्या धक्क्याचं इंग्रजी नाव काय आहे आठव. फेरी व्हार्फ. तिथून खाडीपार जाऊन पोर्टवर कामाला लागणारा तू एका प्रवासात या मुळाच्या तीन फांद्यांना हात लावून येतोस.

पण 'लाँचची शेवटची फेरी' म्हणताना आपण जो शब्द वापरतो तो या खानदानातला नाही हं. ती फेरी आपल्या फिरण्यातली, प्रभातफेरीतली. फेरी व्हार्फवरून फेरी सुटते या वाक्यात दोन परके लोक एकसारखा सदरा घालून उभे आहेत. सारखं दिसणारं नात्यातलं असेलच असं नाही, आणि पोर्ट-पार यांच्यासारखं वेगळं दिसणारं सख्खं चुलतही निघतं. म्हणून पाठांतर इथे कामाला येत नाही. वाक्यात शब्द भेटला की स्वतःला विचार, इथे काही दारातून जातंय, कोणी काही वाहून नेतंय, की जहाजाची बाजू सांगताहेत? उत्तर आजूबाजूच्या शब्दांतच पडलेलं असतं, तुला पाटाचं कळतं तसं.

क्लासचं म्हणशील तर बारा हजार आत्ता खर्चू नकोस. तिथे 'हाउ आर यू' शिकवतील, रीफर आणि बे प्लॅन शिकवणार नाहीत. तुझं इंग्रजी अडलंय ते कामाच्या शब्दांपाशी, आणि ते शब्द तुझ्या ऑफिसात फुकट ऐकू येतात. एक पातळ वही कर. रोज नवा ऐकलेला एक शब्द, तो ज्या वाक्यात ऐकलास त्या वाक्यासकट लिही. सुटा लिहू नकोस. शेजारी बाबा बोटीवर त्या वस्तूला, त्या बाजूला, त्या दोराला काय म्हणतात ते कोळी बोलीत लिही. सहा महिन्यांनी त्या वहीची किंमत बारा हजारांहून जास्त भरेल आणि दुसरा रकाना तर कुठल्याच क्लासात मिळायचा नाही. एवढं करून फोनवर बोलायला जीभ रेटत नसेल तर मग बघू क्लासचं.

साहेबांकडे जाऊन खुलासा देत बसू नकोस. एक ओळीची मेल पाठव, 'त्या दिवशी मी कंटेनरची बाजू चुकीची सांगितली, यापुढे पोझिशन नंबर घेऊनच निरोप देईन.' बास. त्यात सॉरी एकदाच. १८४४ चा हुकूम त्यांना ऐकवायचा नाही. तो डब्यासाठी राखून ठेव, आणि तोही लगेच नको. पुढच्या वेळी कोणी 'काय रे बंदरवाल्या' म्हणालं की शांतपणे विचार, डाव्या बाजूला पोर्ट का म्हणतात सांगा बघू. बहुतेकांना येणार नाही. ज्याला येईल त्याच्याशी दोस्ती कर.

आणि आईला सांग, स्टारबोर्डमध्ये तारा-बिरा काही नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टेओर' म्हणजे सुकाणू आणि 'बोर्ड' म्हणजे जहाजाची कड. ते मोठं वल्हं ज्या अंगाला बांधलेलं असायचं ते अंग. स्टिअरिंगमधलं स्टिअर आणि हा स्टार एकच. तिला विचार, बाबा पहिल्यांदा बोटीवर गेले तेव्हा सुकाणूपाशी कोण बसायचं. तेही वहीत लिहून ठेव.